आधी शैवाल ओळखा, मग प्रोटोकॉल उघडा

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचं नाव काढलं की लोक आधी मशीनबद्दलच विचारतात. किती केव्हीचं आहे, मॅग्निफिकेशन किती मिळतं, कॅमेरा कसला आहे वगैरे. मी त्यावर उलट विचारते की तुमचं शैवाल कुठलं, गोड्या पाण्यातलं की समुद्रातलं, पेशीला भिंत आहे का, असेल तर कशाची, ते पोहतं का एका जागी पडून असतं. आणि यातलं काही माहीत नसेल तर आधी साध्या मायक्रोस्कोपखाली तासभर ते नुसतं बघत बसा असं सांगते. कारण माझं आता ठाम मत झालंय की शैवालाचा चांगला फोटो मशीनवर मिळत नाही, तो फिक्सेशनच्या, म्हणजे पेशी औषधाने आहे तशी थांबवायच्या, बाटलीत मिळतो किंवा तिथेच हातचा जातो, आणि मी बघितलेली बरीचशी सँपल वाया गेली ती प्राण्यांच्या टिश्यूसाठी लिहिलेला प्रोटोकॉल जसाच्या तसा शैवालावर चालवल्यामुळे.

यकृताचा तुकडा म्हटला की तो कसा वागणार हे साधारण ठरलेलं असतं. शैवालाचं तसं नाही, शैवाल हा मुळात एक गटच नाही. हिरवी, लाल, तपकिरी शैवालं, डायटम, युग्लीना, डायनोफ्लॅजेलेट ही सगळी एकमेकांपासून फार लांबची मंडळी आहेत, फक्त पाण्यात राहून प्रकाशसंश्लेषण करतात म्हणून आपण त्यांना एका नावाखाली बसवलंय. एकाची भिंत सेल्युलोजची, दुसऱ्याची सिलिकाची म्हणजे काचेचीच, तिसऱ्याच्या अंगावर कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या, चौथ्याला भिंतच नाही, नुसत्या प्रोटीनच्या पट्ट्या, आणि पाचवं अगदी उघडं, बोट लावलं तर फुटेल असं. या सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

मुळात एवढी उठाठेव कशासाठी तर मायक्रोस्कोपच्या आत व्हॅक्युम असतो आणि शैवालाची पेशी बहुतांशी पाणी असते. तशीच आत टाकली तर पाणी उडून जाईल आणि पेशी चुरगळेल. शिवाय टीईएममध्ये, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, इलेक्ट्रॉन सँपलच्या आरपार जायला हवेत, म्हणजे काप ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचा लागतो, क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाच्या एका पेशीचे असे शंभराहून जास्त काप पडतील. त्यामुळे करायचं काय तर जिवंत पेशी आहे त्या अवस्थेत थांबवायची, आतलं पाणी काढून त्या जागी रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव, भरायचं, ते कडक करायचं आणि मग कापायचं. सांगायला एका वाक्यात झालं, करायला आठवडा जातो, कधी जास्तच.

सुरुवात कल्चरपासून होते आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. फ्लास्क महिनाभर कोपऱ्यात पडलाय, हिरवागार दिसतोय, चला यातलंच घेऊ, असं करू नका. म्हाताऱ्या कल्चरमधल्या पेशी स्टार्च आणि तेलाने गच्च भरलेल्या असतात, नायट्रोजन संपला की तर तेलाचे थेंब इतके वाढतात की क्लोरोप्लास्ट कुठेतरी कडेला ढकललेला दिसतो. तेलच बघायचं असेल तर ठीक, पण पेशीची नेहमीची रचना बघायची असेल तर जोमाने वाढणारं, ताजं सबकल्चर घ्यायचं. वेळ पण महत्त्वाची आहे हं. उजेड-अंधाराच्या चक्रावर ठेवलेल्या कल्चरमध्ये दिवसभर स्टार्च साठत जातो आणि रात्री तो वापरला जातो, बरीच शैवालं विभाजनही अंधारातच करतात, त्यामुळे सकाळी फिक्स केलेली पेशी आणि संध्याकाळची पेशी या दोन वेगळ्याच जातीच्या वाटाव्यात इतका फरक पडू शकतो. दोन सँपलची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच वेळेला काढा, आणि ती वेळ वहीत लिहा.

आता फिक्सेशन. १९६३ मध्ये सबातिनी, बेन्श आणि बार्नेट यांनी ग्लुटारल्डिहाइड वापरून दाखवलं आणि तेव्हापासून हीच पद्धत चालत आलीये, आधी ग्लुटारल्डिहाइड आणि मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. ग्लुटारल्डिहाइड प्रोटीन एकमेकांना बांधून टाकतं, ऑस्मियम चरबी पकडतं, म्हणजे मेम्ब्रेन, पेशीतले पातळ पडदे. त्याआधी पोटॅशियम परमँगनेट वापरायचे, त्यात मेम्ब्रेन झकास उठून दिसतात पण रायबोसोम आणि बाकी बरंच काही गायब होतं, त्यामुळे जुने फोटो बघताना हे डोक्यात ठेवायचं.

ग्लुटारल्डिहाइड साधारण २ ते २.५ टक्के पुरतं. पण ते सीलबंद काचेच्या अँप्यूलमधलं, ईएम ग्रेडचंच हवं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बाटलीतलं नको, कारण जुनं झालं की त्याचे रेणू आपापसात जुळतात आणि ते आंबट होत जातं, आणि शैवालाच्या बाबतीत हा आंबटपणा सरळ दिसून येतो. क्लॅमिडोमोनासला पीएचचा धक्का बसला की ते फ्लॅजेला, म्हणजे पोहायच्या शेपट्या, टाकून देतं! सेकंदात. पीएच साडेचारच्या आसपास नेऊन फ्लॅजेला वेगळे काढायची तर पद्धतच आहे, पण तुम्हाला फ्लॅजेला पेशीला जोडलेले बघायचे असतील आणि फिक्सेटिव्हनेच ते पाडले तर काय करणार.

दुसरा गोंधळ सेंट्रिफ्यूजचा. टिश्यूचा तुकडा उचलून फिक्सेटिव्हमध्ये टाकता येतो, शैवाल तर पाण्यात विखुरलेलं असतं, म्हणून लोक आधी फिरवून पेलेट, म्हणजे तळाला घट्ट गोळा, करतात आणि मग त्यावर फिक्सेटिव्ह ओततात. जाड भिंतीच्या क्लोरेलाला याने काही होत नाही. पण पोहणाऱ्या नाजूक पेशींना सेंट्रिफ्यूजमध्ये दाबून घट्ट गोळा केला की फ्लॅजेला तुटतात, काही जाती अंगातले ट्रायकोसिस्ट, म्हणजे बाणासारखे धागे, बाहेर फेकतात, आणि तळाला दाटीत अडकलेल्या पेशी फिक्सेटिव्ह पोचेपर्यंत गुदमरलेल्या असतात. मी उलट करते. फिक्सेटिव्ह दुप्पट तीव्रतेचं करून घ्यायचं आणि तेवढ्याच कल्चरमध्ये थेट मिसळायचं, पेशी पोहता पोहता जागच्या जागी थांबतात, आणि मग फिक्स झालेल्या पेशी हळू स्पीडला गोळा करायच्या किंवा नुसत्या बसू द्यायच्या. अगदीच नाजूक, उघड्या फ्लॅजेलेट असतील तर ग्लुटारल्डिहाइड आणि ऑस्मियम बर्फावर एकत्र करून एकदमच द्यायचं, हे मिश्रण ऐन वेळी बनवायचं कारण दोघं एकमेकांशीच रिॲक्शन करायला लागतात आणि थोड्या वेळात काळं पडतं, काळं पडायला लागलं की त्याचा उपयोग संपला.

बफरवर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या ज्या द्रावणात फिक्सेटिव्ह बनवतात त्यावर, मी जरा जास्तच बोलणार आहे कारण समुद्री शैवालाची वाट इथेच लागते. विरघळलेल्या कणांच्या मापात, म्हणजे ऑस्मोलॅरिटीत, समुद्राचं पाणी म्हणजे साधारण १००० मिलिऑस्मोल. ०.१ मोलर कॅकोडिलेट बफर याच्या जवळपासही नाही, त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच असतो. तर ज्या पेशीने आख्खं आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलं तिला एकदम या पातळ बफरमध्ये टाकलं की पाणी आत घुसतं, पेशी फुगते, थायलॅकॉइडचे, म्हणजे क्लोरोप्लास्टमधल्या चपट्या पिशव्यांचे, फुगे होतात, मायटोकाँड्रिया गोल गरगरीत दिसतात, आणि मग कोणीतरी त्याला ताणाचा परिणाम म्हणून पेपरमध्ये लिहितं. म्हणून फिक्सेटिव्ह एकतर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यातच बनवायचं किंवा बफरमध्ये सुक्रोज नाहीतर मीठ घालून ऑस्मोलॅरिटी वर आणायची, आणि नंतरच्या धुण्यात सुक्रोज टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायचं. गोड्या पाण्यातल्या शैवालाला याच्या उलट, तिथे बफर फार दाट झाला की पेशी आकसते आणि भिंत आणि मेम्ब्रेनमध्ये एक रिकामी फट दिसते.

फॉस्फेट बफर स्वस्त आणि बिनविषारी म्हणून सगळ्यांना आवडतो, पण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर असतं आणि फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसतो, तो नंतर फोटोत बारीक काळ्या ठिपक्यांसारखा सगळीकडे दिसतो. कॅकोडिलेटमध्ये ही भानगड नाही, त्यात एक-दोन मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालता येतं आणि मेम्ब्रेन जास्त नीट राहतात. मात्र कॅकोडिलेटमध्ये आर्सेनिक आहे, त्यामुळे ग्लोव्ह्ज, फ्यूम हूड, कचरा वेगळा, आणि ॲसिडशी त्याची गाठ अजिबात पडू द्यायची नाही. कोकोलिथोफोर असतील, म्हणजे त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्यावाल्या, तर आंबट पीएचमध्ये चकत्या विरघळूनच जातात आणि खाली मऊ उघडी पेशी शिल्लक राहते, तिथे पीएच ८ च्या वरच सांभाळायचा.

ग्लुटारल्डिहाइड नीट धुऊन काढल्याशिवाय ऑस्मियमकडे जायचं नाही, दोन-तीन वेळा बफर बदलायचा, नाहीतर मिरपूड टाकल्यासारखे काळे कण राहतात. ऑस्मियम टेट्रॉक्साइड हे या सगळ्या कामातलं मला सगळ्यात धाक वाटणारं आणि तरीही सगळ्यात आवडणारं केमिकल आहे. फिकट पिवळे स्फटिक, काचेच्या अँप्यूलमध्ये, आणि साध्या खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ होते. ती वाफ डोळ्याच्या कॉर्नियाला तशीच फिक्स करते जशी पेशीला करते, म्हणून हूडच्या बाहेर ते उघडायचंच नाही, मग काम दोन मिनिटांचं का असेना. उरलेलं ऑस्मियम वनस्पती तेलात ओतायचं, तेलातले डबल बाँड त्याला पकडतात आणि तेल काळंकुट्ट होतं. नेमकं हेच पेशीत चाललेलं असतं. एक टक्का ऑस्मियम घातल्यावर हिरवा पेलेट बघत राहा, आधी कडा मळकट तपकिरी होतात, मग रंग आत आत सरकतो, आणि तासाभरात हिरवं काही उरत नाही, तळाला काळा गोळा. प्रत्येक मेम्ब्रेनवर जड धातू बसलाय आणि पुढे इलेक्ट्रॉन अडणार आहेत ते यालाच. तेल भरलेलं कल्चर जास्त लवकर काळं होतं. आणि पेलेट तासाभराने पण हिरवाच दिसत असेल तर तुमच्या शैवालाची भिंत ऑस्मियमला आत येऊ देत नाहीये, मग वेळ वाढवा, घाई करून पुढे जाऊ नका.

यानंतर पेशींना अगारोजमध्ये पकडायचं. दोन टक्के लो-मेल्टिंग अगारोज, हाताला कोमट लागेल एवढंच गरम, पेलेटमध्ये मिसळायचं, थंड करायचं आणि गोठलं की ब्लेडने मिलिमीटरभराचे चौकोन कापायचे. हे केलं नाही तर पुढच्या पंधरा-वीस वेळा द्रव बदलताना दरवेळी थोड्या थोड्या पेशी ओतल्या जातात आणि शेवटी रेझिनमध्ये काहीच पोचत नाही. चौकोन मोठे ठेवायचा मोह होतो कारण हाताळायला सोपे, पण रेझिन मधोमध पोचत नाही.

डिहायड्रेशनमध्ये विशेष काही नाही. अल्कोहोल किंवा ॲसिटोन ३०, ५०, ७०, ९०, १०० असं चढवत जायचं, प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटं, भिंत जाड असेल तर जास्त. ७० टक्क्याला युरेनिल ॲसिटेट घालून रात्रभर अंधारात ठेवता येतं. द्रव हिरवट व्हायला लागला तर घाबरू नका, क्लोरोफिल सुटतंच, थायलॅकॉइड जागेवर असतात. फक्त शेवटचं १०० टक्के हे खरंच १०० टक्के हवं, ताजी बाटली किंवा मॉलिक्युलर सीव्ह टाकलेली, कारण उघडं राहिलेलं अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं आणि तेवढ्या पाण्याने ब्लॉक, म्हणजे रेझिनचा ठोकळा, मऊ राहतो.

रेझिनमध्ये परत शैवालाचा स्वभाव आडवा येतो. प्राण्यांच्या टिश्यूसाठी एपॉन पद्धतीची रेझिन छान चालतात पण ती दाट असतात. स्परने १९६९ मध्ये कमी चिकटपणाचं रेझिन काढलं ते भिंतवाल्या पेशींसाठी वरदानच ठरलं. त्यातला मूळचा एक घटक, ईआरएल ४२०६, पुढे बंद झाला आणि आता ४२२१ वापरतात, त्यामुळे जुन्या पेपरमधली ग्रॅमची मापं तशीच उचलू नका, किटबरोबर आलेल्या कागदावरची घ्या. आणि ते पातळ आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं नाही, कडक होईपर्यंत सगळी रेझिन त्वचेला वाईटच.

काही हिरव्या शैवालांच्या आणि नॅनोक्लोरोप्सिससारख्यांच्या भिंतीत अल्जीनन नावाचा एक पदार्थ असतो. ॲसिडला दाद देत नाही, अल्कलीला देत नाही, आणि रेझिनला पण आत सोडायला तयार नसतो. अशांना तीन भाग ॲसिटोन एक भाग रेझिन, मग निम्मं निम्मं, मग उलट, मग शुद्ध रेझिन दोन-तीनदा बदलून, प्रत्येक टप्पा तासाऐवजी रात्रभर, फिरत्या रोटेटरवर, असं तीन-चार दिवस द्यायचं. इथे घाई केली तर ती लपत नाही, काप पाण्यावर पडला की पेशीच्या जागी भोक दिसतं, पेशी भिंतीतून सुटून निघून गेलेली असते. नीट मुरलं असेल तर मग ओव्हनमध्ये ६०-७० डिग्रीला एक-दोन दिवस.

कापायचं काम मला सगळ्यात आवडतं. आधी काचेच्या सुरीने अर्धा ते एक मायक्रॉनचे जाड काप, टोल्युइडीन ब्लूने रंगवून साध्या मायक्रोस्कोपखाली बघायचे, पेशी आहेत का, कुठल्या कोपऱ्यात आहेत, बॅक्टेरियाच जास्त आहेत का. पेशी नाहीत असा ब्लॉक हिऱ्याच्या सुरीवर नेण्यात अर्थ नाही. मग ब्लॉकचं तोंड छाटून छोटं करायचं आणि हिऱ्याची सुरी लावायची. सुरीच्या मागे पाण्याने भरलेली छोटी बोट असते, ब्लॉक खाली येतो, धारेवरून जातो, आणि काप पाण्यावर सरकतो, पुढचा त्याला चिकटून, त्याच्यापुढचा त्याला, अशी रिबन तयार होते. काप किती जाड आहे हे मोजायला काही लागत नाही, रंगच सांगतो, पाण्यावर परावर्तित होणारा. चंदेरी दिसला तर ६० ते ९० नॅनोमीटर, सोनेरी असेल तर त्याहून जाड, राखाडी असेल तर साठच्या खाली. जांभळा-निळा आला तर सोडून द्या. आणि या वेळी श्वास पण जपून घ्यायचा कारण बोटीवर फुंकर गेली की रिबन भरकटते. काप थोडे दबलेले असतात, क्लोरोफॉर्मची वाफ नुसती वरून फिरवली की ते डोळ्यांदेखत पसरून सपाट होतात, मग तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर उचलायचे.

स्टार्चचे मोठे दाणे असले की तिथे घड्या पडतात, पॉलिफॉस्फेटचे गोळे कापताना निसटून जातात आणि पांढरी भोकं राहतात. डायटमची सिलिका तर हिऱ्याच्या धारेला पण खाते. म्हणून डायटमसाठी सुरीचा एक ठरावीक भाग राखून ठेवावा, धारेचा बाकीचा भाग त्यांना दाखवायचाच नाही.

रंगवायला युरेनिल ॲसिटेट आणि मग रेनॉल्ड्सचं १९६३ चं लेड सायट्रेट. लेडला कार्बन डायऑक्साइडचं वावडं आहे, हवेतला लागला की लेड कार्बोनेटचे गोळे ग्रिडभर, म्हणून पेट्री डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवायच्या, पाणी उकळून थंड केलेलं, आणि थेंबावर वाकून बोलायचं नाही.

मग फोटो आला की त्यावर विश्वास कितपत ठेवायचा? मी आधी थायलॅकॉइड मोजते. डायटम आणि तपकिरी शैवालात ते तीन-तीनच्या पट्ट्यांत असतात, क्रिप्टोफाइटमध्ये दोन-दोन, लाल शैवालात एकेकटे, आणि त्यांच्या पाठीवर फायकोबिलिसोमचे, म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या प्रोटीनच्या गठ्ठ्यांचे, साधारण ३५-४० नॅनोमीटरचे दाणे ओळीने बसलेले. हे दाणे एलिझाबेथ गँट यांनी १९६० च्या दशकात पॉर्फिरिडियम या लाल शैवालात दाखवले, आणि ग्लुटारल्डिहाइड नसतं तर ते दिसलेच नसते. तुमच्या लाल शैवालात मेम्ब्रेन स्वच्छ आहेत पण दाणे नाहीत, तर शैवालात काही बिघाड नाही, फिक्सेशन बिघडलंय. फ्लॅजेलम आडवा कापला गेला असेल तर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मधे दोन असं स्पष्ट मोजता आलं पाहिजे. मेम्ब्रेन नागमोडी, क्लोरोप्लास्टभोवती रिकामी जागा, केंद्रकाचा आकार वेडावाकडा, असं दिसलं की जीवशास्त्राचा अर्थ लावायच्या आधी बफरच्या बाटलीकडे बघायचं.

पण सगळीच कामं एवढी लांबलचक नसतात हे पण सांगायला हवं. आयरीन मँटन आणि मेरी पार्क यांनी १९५० च्या दशकात समुद्रातल्या चिमुकल्या फ्लॅजेलेटवर जे काम केलं त्यातला मोठा भाग होल माउंटचा होता. म्हणजे पेशीचा थेंब फिल्म लावलेल्या ग्रिडवर घ्यायचा, ऑस्मियमची वाफ द्यायची, वाळवायचा, धुवायचा, आणि तिरकस कोनातून धातूचा पातळ थर द्यायचा. कापाकापी नाही. त्यातून क्रायसोक्रोम्युलिना या फ्लॅजेलेटच्या अंगावरचे नक्षीदार खवले दिसले, आणि जाती ओळखायचं एक नवं साधनच हाती आलं, कारण साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास आणि खवल्यांवरची नक्षी त्याहून कितीतरी बारीक. १९६० मध्ये याच दोघींनी मायक्रोमोनासचं वर्णन केलं, जेमतेम दीड-दोन मायक्रॉनची पेशी. आणि १९९४ मध्ये फ्रान्सच्या थो खाजणात ऑस्ट्रिओकोकस सापडलं, एक मायक्रॉनहूनही लहान, आत एक क्लोरोप्लास्ट, एक मायटोकाँड्रियन, एक केंद्रक, सगळं नीट बसवलेलं. हे बॅक्टेरिया नाही, शैवाल आहे, हे टीईएममधल्या कापाने दाखवून दिलं. मला हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

एसईएम, म्हणजे पृष्ठभाग दाखवणारा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, त्यासाठी डायटमचं तर सगळंच उलटं. इथे पेशी वाचवायचीच नाही, जाळून टाकायची आणि फक्त काचेचा सांगाडा म्हणजे फ्रस्ट्यूल ठेवायचा. आधी मीठ धुऊन काढायचं, डिस्टिल्ड वॉटरने, सावकाश. सँपलमध्ये चुना असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड आधी, आणि तेही धुऊन टाकायचं, कारण कॅल्शियम राहिलं आणि पुढे सल्फ्युरिक ॲसिड घातलं तर जिप्समच्या सुया तयार होतात आणि त्या सुया डायटमच्या मधे मधे घुसून बसतात. मग नायट्रिक ॲसिड गरम करून, किंवा ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. मला पेरॉक्साइड बरं वाटतं, नाजूक फ्रस्ट्यूल जास्त टिकतात, फक्त वेळ लागतो आणि सेंद्रिय माल जास्त असेल तर फसफसून उतू जातं, म्हणून मोठ्या बीकरमध्ये थोडं थोडं. त्यानंतर पीएच न्यूट्रल होईपर्यंत धुणं, आणि ते सेंट्रिफ्यूजने नाही, बसू देऊन. रात्रभर बसू द्यायचं, वरचं पाणी काढायचं, परत भरायचं. कंटाळवाणं आहे पण लांब काटेवाले डायटम फक्त असेच आख्खे राहतात.

थेंब कव्हरस्लिपवर वाळवायचा, कार्बन टेपने ॲल्युमिनियमच्या स्टबवर चिकटवायचा, सोनं-पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा काही नॅनोमीटरचा थर. थर जाड झाला तर डायटमची सगळ्यात बारीक छिद्रं बुजून जातात आणि आपण नेमकी तीच बघायला आलेलो असतो. थर कमी पडला तर सिलिका चार्ज होते आणि फोटोत पांढरे फटकारे येतात.

मऊ पेशींना एसईएममध्ये पृष्ठभाग हवा असेल तर ते हवेत वाळवून होत नाही. पाण्याचा पृष्ठताण वाळता वाळता पेशीला चिरडून टाकतो. अँडरसनने १९५१ मध्ये यावर क्रिटिकल पॉइंट ड्राइंगचा उपाय काढला, अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा, ३१ डिग्री आणि साधारण ७३ ॲटमॉस्फियरच्या वर न्यायचा, तिथे द्रव आणि वायू यांच्यात सीमाच राहत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही, आणि मग हळूहळू दाब सोडायचा. एकेकट्या पेशी यात उडून जाऊ नयेत म्हणून पॉलिकार्बोनेटच्या फिल्टरवर किंवा पॉलिलायसिन लावलेल्या कव्हरस्लिपवर बसवायच्या. शैवालाभोवती बुळबुळीत म्युसिलेज असतं ते मात्र कसंही केलं तरी आकसतं आणि पेशीवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरतं, त्याला पृष्ठभागाची रचना समजू नका.

ज्यांच्याकडे हाय प्रेशर फ्रीझिंगची सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी. २१०० बारच्या आसपास दाब, काही मिलिसेकंदांत गोठवणं, आणि मग उणे ९० डिग्रीला ॲसिटोन आणि ऑस्मियममध्ये बर्फ हळूहळू बदलून घेणं, म्हणजे सब्स्टिट्यूशन. बर्फाचे स्फटिक बनायला सवडच मिळत नाही, आणि मेम्ब्रेन इतक्या गुळगुळीत, ताठ दिसतात की केमिकल फिक्सेशनमधल्या लाटा कुठून आल्या ते आपोआप कळतं. पण भिंत तिथेही भिंतच, सब्स्टिट्यूशन आणि रेझिनला परत दिवस द्यावेच लागतात.

नवीन शैवाल हातात आलं की मी एकाच कल्चरचे तीन-चार भाग करते, फक्त ऑस्मोलॅरिटी वेगवेगळी ठेवून, बाकी सगळं तेच, आणि जाड कापांवरच ठरवते की कुठली बाटली पुढे न्यायची. एका फेरीचा वेळ जातो पण पुढचे महिने वाचतात. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, परत कधीही कापता येतात, म्हणून त्यात जात, तारीख, वेळ आणि फिक्सेटिव्ह लिहिलेली कागदाची चिठ्ठी रेझिनमध्येच बुडवून ठेवा, आणि ती पेन्सिलने लिहा, पेनाची शाई रेझिनमध्ये पसरते आणि मग कुठला ब्लॉक कशाचा ते सांगणारं कोणी उरत नाही.